पोलिसांवरचे राजकीय हल्ले आणि बातमीतला हल्लेखोर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे जिल्हा बातमीदार, डेस्कवरचे उपसंपादक, वृत्तवाहिन्यांचे प्रतिनिधी आणि बातमी बारकाईने वाचणाऱ्या वाचकांसाठी आहेत. बहुतेक उदाहरणे गडचिरोलीची आहेत, कारण मराठी वृत्तपत्रांना पोलिसांवरच्या राजकीय हिंसेची, म्हणजे मुख्यतः नक्षलवाद्यांच्या (माओवाद्यांच्या) हल्ल्यांची बातमी सर्वांत जास्त वेळा तिथूनच द्यावी लागली आहे.

हल्लेखोराचे चित्र नेमके कुठे तयार होते? अग्रलेखात की बातमीत?

अग्रलेख दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. तोवर चित्र तयार झालेले असते. घटना घडते दुर्गम भागात, कुठल्याशा पोलीस मदत केंद्राच्या हद्दीत. तिथून निरोप अधीक्षक कार्यालयात जातो, तिथून प्रेसनोट निघते, ती पत्रकारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडते, गडचिरोलीचा वार्ताहर ती नागपूरला पाठवतो आणि नागपूरचा डेस्क मथळा लावून पुढे सरकवतो. या सगळ्या साखळीत घटनास्थळ पाहिलेला माणूस बहुधा एकच असतो, आणि तो खात्याचा असतो.

यात कुणाचा कट असतो असे नाही. भामरागड किंवा एटापल्लीच्या आतल्या गावात पोहोचायला पावसाळ्यात दिवस मोडतो, गावकरी माडिया बोलतात आणि पहिली आवृत्ती रात्रीच सुटते. त्यामुळे पहिल्या बातमीत पोलिसांची बाजू जास्त असणे स्वाभाविक आहे. घोटाळा होतो तो तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी, कारण तेव्हाही कुणी परत जात नाही. पहिल्या बारा तासांत लिहिलेली विशेषणे मग पुढची दहा वर्षे प्रत्येक बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात चिकटून राहतात.

मग प्रेसनोट वाचायची कशी?

पेन घेऊन. नोटमधल्या प्रत्येक वाक्यापुढे तीनपैकी एक खूण करा : पाहिलेले, सापडलेले, अनुमान. ‘घटनास्थळी एक रायफल मिळाली’ हे सापडलेले. ‘अंधाराचा फायदा घेऊन नक्षलवादी पळून गेले’ हे पाहिलेले असू शकते, पण अंधारात कोण किती पाहू शकते हे विचारायला हरकत नाही. ‘मोठा घातपात करण्याच्या तयारीत होते’ हे अनुमान. बातमीत पहिल्या दोन प्रकारांना ‘पोलिसांनी सांगितले’ आणि तिसऱ्याला ‘पोलिसांचा अंदाज आहे’ असे लिहिले की अर्धे काम झाले.

मग नोटमध्ये काय नाही ते शोधा. गोळीबार किती वाजता सुरू झाला आणि किती वेळ चालला? पोलीस पायी होते की गाडीत? पोलिसांपैकी जखमी कोण? गुन्हा कोणत्या ठाण्यात, कोणत्या कलमांखाली नोंदला? मृतदेहांची ओळख कुणी पटवली : नातेवाइकांनी, आत्मसमर्पित नक्षल सदस्यांनी की फोटोंवरून? शेवटचा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि पुढे सर्वांत जास्त नडतो.

मृतांचा आकडा रोज का बदलतो? कुणी लपवत असते का?

बहुतेक वेळा नाही. गडचिरोलीतल्या बोरिया-कसनासूरची चकमक २२ एप्रिल २०१८ ला झाली. पहिल्या दिवशी १६ मृतदेह मिळाल्याची बातमी होती. पुढच्या दोन दिवसांत इंद्रावती नदीत आणखी मृतदेह तरंगताना सापडले, दरम्यान दुसऱ्या ठिकाणी वेगळी चकमक झाली, आणि एकूण आकडा ४० पर्यंत गेला. मर्दिनटोल्याला १३ नोव्हेंबर २०२१ ला २६ मृतदेह मिळाले होते, नंतर तो आकडा २७ झाला. जंगलात शोध टप्प्याटप्प्याने होतो, नदी मृतदेह पुढे नेते, जखमी काही अंतरावर जाऊन मरतात.

डेस्कची चूक वेगळीच असते. दोन ठिकाणचे आकडे एका मथळ्यात बेरीज करून लावले जातात, आणि बेरीज झाली की ‘सगळे एकाच गोळीबारात मेले’ असे चित्र उभे राहते. त्याच बेरजेत ओळखीचा प्रश्नही बुडतो. कसनासूरच्या वेळी गट्टेपल्ली गावातल्या काही कुटुंबांनी सांगितले की त्यांची मुले लग्नाला म्हणून घरून निघाली होती. ती नव्याने भरती झालेली होती, असे पोलिसांचे म्हणणे. दोन्ही म्हणणी बातमीत यायला हवी होती. बऱ्याच ठिकाणी ‘४० नक्षल्यांचा खात्मा’ एवढेच आले. आकड्याशेजारी ‘ओळख पटलेले इतके’ हा दुसरा आकडा छापण्याची सवय लावली तर ही गल्लत होत नाही.

‘चकमक’ लिहावे की ‘कथित चकमक’?

सरसकट ‘कथित’ लावणे हा आळस आहे आणि कधीच न लावणे हाही. ज्या घटनेत पोलीस मारले गेले किंवा जखमी झाले, तिथे हल्ला झाला याबद्दल सहसा वाद नसतो. एका बाजूचेच मृत्यू असतील तेव्हा प्रक्रियेकडे बघा. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ ला पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात १६ मार्गदर्शक सूचना दिल्या. गुन्हा नोंदवणे, सीआयडीकडून किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडून स्वतंत्र तपास, दंडाधिकारी चौकशी, मानवी हक्क आयोगाला माहिती, मृताच्या नातेवाइकांना कळवणे ही त्यातली मुख्य. चकमकीनंतर लगेच बढती किंवा शौर्य पुरस्कार देऊ नयेत, असेही त्यात आहे.

याचा वापर सोपा आहे. दंडाधिकारी चौकशीचा आदेश कधी निघाला, जाहीर सूचना लागली का, साक्षीला किती दिवस दिले, हे प्रांत कार्यालयात विचारता येते. चौकशीची नोटीस स्थानिक वर्तमानपत्रात छोट्या टाइपात येऊन जाते आणि त्याच वर्तमानपत्राच्या संपादकीय विभागाला तिचा पत्ता नसतो. हे नेहमीचे आहे.

‘१६ लाखांचे बक्षीस असलेला जहाल नक्षलवादी’ यात चूक काय?

बक्षीस खरे असते, ते लिहायला हरकत नाही. पण ते माणसाच्या संघटनेतल्या पदावर ठरते : साध्या दलम (सशस्त्र तुकडी) सदस्यावर कमी, एरिया कमिटी सदस्यावर जास्त, कमांडरवर त्याहून जास्त. त्याने प्रत्यक्ष काय केले याचा तो पुरावा नव्हे. मर्दिनटोल्याला मारला गेलेला मिलिंद तेलतुंबडे केंद्रीय समितीचा सदस्य होता, म्हणून त्याच्यावर ५० लाखांचे बक्षीस होते. एकाच माणसावर महाराष्ट्र, छत्तीसगड आणि तेलंगणाची वेगवेगळी बक्षिसे असू शकतात. त्यांची बेरीज करून मथळा लावला की आकडा फुगतो आणि गावाकडच्या पोरांच्या नजरेत माणूसही फुगतो. ज्याला आपण खलनायक म्हणून रंगवतोय त्याची किंमत आपणच वाढवून ठेवतो.

त्याऐवजी पद लिहा, त्याच्यावर नोंदलेले गुन्हे आणि त्यांतले पोलिसांच्या हत्येचे किती ते लिहा, आणि एकाही खटल्यात निकाल लागला आहे का ते लिहा.

कंठस्नान, यमसदनी, खात्मा : हे शब्द वापरू नयेत का?

नयेत. ‘ठार’ आणि ‘मृत्यू’ पुरेसे आहेत. कंठस्नान घालणारी बातमी वाचताना वाचकाला बखर वाचल्यासारखे वाटते आणि काय घडले ते मात्र कळत नाही. दुसऱ्या बाजूनेही तीच शिस्त हवी : माओवाद्यांनी गावातल्या माणसाचा गळा चिरला असेल तर ‘जनअदालतीने (त्यांनी भरवलेल्या तथाकथित न्यायालयाने) शिक्षा दिली’ असे अवतरणाबाहेर लिहू नये. तो खून आहे.

‘शहीद’ शब्दावर डेस्कवर नेहमी वाद होतो. पोलिसांसाठी तो वापरायचा असेल तर वापरा, पण मग कॉन्स्टेबलला आणि अधिकाऱ्याला सारखाच वापरा. माओवादी २८ जुलै ते ३ ऑगस्ट हा आपला ‘शहीद सप्ताह’ पाळतात. त्याची बातमी देताना ते नाव अवतरणात ठेवा.

पोलीस कसे रंगवले जातात? त्यात काय बिघडते?

१ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला भूसुरुंगाचा स्फोट झाला. आदल्या रात्री दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली गेली होती. तिकडे निघालेले शीघ्र प्रतिसाद पथक खासगी गाडीतून जात होते. १५ पोलीस आणि गाडीचा चालक मरण पावले. मथळे १५ चे लागले. सोळावा माणूस भाड्याच्या गाडीचा चालक होता, त्याला गणवेश नव्हता, म्हणून तो बहुतेक मथळ्यांत आलाच नाही.

अशा दिवशी दोन प्रकारची बातमी छापली जाते. एक तिरंग्यात गुंडाळलेली, एक ‘बदला’ची. जांभुळखेड्याची घटना अनेक ठिकाणी आदल्या वर्षीच्या कसनासूरचा बदला म्हणून मांडली गेली. कारण म्हणून ते खरे असेलही. पण ‘बदला’ म्हटले की गोष्ट दोन टोळ्यांची होते आणि खरे प्रश्न मागे पडतात. रस्ता आधी तपासला होता का? सुरुंगाचा धोका माहीत असलेल्या भागात पथक एकाच खासगी वाहनात का निघाले? आदेश कुणाचा? हे विचारणे म्हणजे मृत पोलिसांचा अपमान नाही. ते त्यांच्याच बाजूचे प्रश्न आहेत.

आणखी एक. १९९० मध्ये उभे राहिलेले गडचिरोली पोलिसांचे नक्षलविरोधी सी-६० पथक मुख्यतः स्थानिक मुलांचे आहे. मारणारा आणि मरणारा एकाच तालुक्यातले, कधी एकाच आश्रमशाळेतले असू शकतात. मुंबई-पुण्याच्या आवृत्तीत मात्र एक ‘वीर जवान’ होतो, दुसरा ‘जहाल’ होतो आणि आदिवासी दोघेही राहत नाहीत.

चापेकर आणि राजगुरू क्रांतिकारक, मग गडचिरोलीतले दहशतवादी कसे? हा दुटप्पीपणा नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून उत्तर जरा लांब आहे.

आधी तपशील. २२ जून १८९७ ला पुण्यात चापेकर बंधूंनी रँडवर हल्ला केला. रँड पोलीस नव्हता, प्लेग समितीचा प्रमुख सनदी अधिकारी होता. त्याच्या आठवडाभर आधी, १५ जूनला ‘केसरी’त आलेल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि १८ महिन्यांची शिक्षा झाली. मराठी पत्रकारितेत ‘लिहिणारा हिंसेला जबाबदार किती’ हा वाद तेव्हापासूनचा आहे. त्याच प्रकरणात माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंना ८ फेब्रुवारी १८९९ ला गोळ्या घातल्या गेल्या आणि एका हेड कॉन्स्टेबलवरही हल्ल्याचा प्रयत्न झाला. आपल्या पाठ्यपुस्तकी आठवणीत चापेकर बंधू राहिले. तो हेड कॉन्स्टेबल कुणाला आठवतो?

१७ डिसेंबर १९२८ ला लाहोरला पोलीस अधिकारी साँडर्स मारला गेला. खेडचे शिवराम राजगुरू त्यात होते. पाठलाग करणारा हेड कॉन्स्टेबल चनन सिंग चंद्रशेखर आझादांच्या गोळीने मेला. साँडर्सचे नाव शाळकरी मुलालाही पाठ असते, चनन सिंगचे नसते, कारण वरिष्ठ गोरा अधिकारी गोष्टीत बसतो आणि हिंदुस्थानी शिपाई बसत नाही.

आता उत्तर. परकी, मतदानाने न बदलता येणारी सत्ता आणि निवडणुका, न्यायालये असलेले राज्य यांत फरक आहे, आणि तो फरक करणे दुटप्पीपणा नव्हे. पण तो न्याय राजकीय आणि नैतिक आहे, तो अग्रलेखात करावा. बातमीचे निकष दोन्हीकडे एकच : कुणी, कुणाला, कसे मारले, आणि मेलेल्यांत शिपायाचे नाव आहे का. आजच्या हल्लेखोराला ‘नवा भगतसिंग’ म्हणणाऱ्या पोस्ट आणि आंदोलनात नुसत्या घोषणा देणाऱ्याला ‘नक्षली’ ठरवणारे मथळे ही एकाच आळसाची दोन रूपे आहेत.

माओवाद्यांचे पत्रक आले तर छापायचे का?

भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) ही संघटना २००४ मध्ये दोन गट एकत्र येऊन झाली आणि २००९ पासून यूएपीए या बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याखाली बंदी असलेली आहे. तिच्या पत्रकाची बातमी देणे म्हणजे आपोआप समर्थन नव्हे, पण जसेच्या तसे छापणे अडचणीचे ठरू शकते. व्यवहारात असे करा : पत्रक कसे, कधी, कुणाच्या हातून आले याची नोंद ठेवा. मूळ प्रत फाडू नका, पुढे पाठवू नका. संपादकाला आणि शक्य तर संस्थेच्या वकिलाला कळवा. बातमीत दावा तेवढा घ्या (‘हल्ल्याची जबाबदारी स्वीकारली आहे’), घोषणा आणि धमक्या गाळा. पत्रकात एखाद्याला खबऱ्या म्हणून नावानिशी जाहीर केले असेल तर ते नाव कोणत्याही परिस्थितीत छापू नका. ते छापणे म्हणजे यादी पुढे पोहोचवणे.

पत्रक खरेच त्यांचे आहे का, हेही पाहावे लागते. तेंदूपत्त्याच्या हंगामात ठेकेदाराला धमकावायला लाल शाईची बनावट पत्रके निघतात. गावात हे सगळ्यांना ठाऊक असते, छापणाऱ्याला नसते.

कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार असलेल्या नेत्याची मुलाखत?

माओवादी नेता किशनजीने पश्चिम बंगालमधल्या लालगडच्या आंदोलनाच्या काळात पाठ कॅमेऱ्याकडे करून, तोंडाला गमछा बांधून इतक्या मुलाखती दिल्या की ती पाठच ओळखीची झाली. ऑक्टोबर २००९ मध्ये तिथल्याच सांकराईल ठाण्यावरच्या हल्ल्यात दोन पोलीस मारले गेले आणि ठाणेदाराला पळवून नेले. दोन दिवसांनी त्याला कॅमेऱ्यांच्या साक्षीने सोडले. सुटकेचा सोहळा देशभर दिसला, मेलेले दोघे कोपऱ्यात गेले. मुलाखत घ्यायची तर पहिला प्रश्न मेलेल्यांच्या नावाने विचारा. विचारधारेचे तास नंतर.

फोटोंचे काय?

भगतसिंगांचा हॅटमधला फोटो १९२९ च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या काश्मिरी गेटजवळच्या स्टुडिओत मुद्दाम काढून घेतलेला होता, अटकेनंतर वृत्तपत्रांत जावा म्हणून. फोटोने काय होते हे त्यांना कळत होते. २६/११ च्या मुंबई हल्ल्यातला, सीएसटीवरचा बंदूकधारी कसाबचा फोटो उलट्या जातीचा : वृत्तछायाचित्रकाराने जीव धोक्यात घालून टिपलेला, आणि पुढे न्यायालयात पुरावा ठरलेला. फोटो घेण्याआधी डेस्कने एवढेच विचारावे की तो कुणी, कशासाठी काढला.

ओळीने मांडलेल्या मृतदेहांचे फोटो पोलिसांकडून येतात. ते पहिल्या पानावर नकोत. आणि अठराच्या आतल्या मुलाचा चेहरा, नाव, गाव, शाळा यांतले काहीही नको, मग ते मूल दलममध्ये बंदूक घेऊन असले तरी. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वय माहीत नसेल तर ते कळेपर्यंत चेहरा झाका.

कसाबच्या बिर्याणीचे प्रकरण काय होते?

खटला चालू असताना एका राखीपौर्णिमेला कसाबच्या डोळ्यांत पाणी आल्याची चर्चा वाहिन्यांवर रंगली. त्यानंतर विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी, कसाबने तुरुंगात मटण बिर्याणी मागितल्याचे पत्रकारांना सांगितले. २०१५ मध्ये जयपूरच्या परिषदेत त्यांनीच सांगितले की अशी मागणी झाली नव्हती, सहानुभूतीची लाट मोडायला ते आपण रचले होते. मधली कित्येक वर्षे ती बिर्याणी प्रचारसभांत, व्यंगचित्रांत, कट्ट्यांवर खपत राहिली. आजही खपते.

तुरुंगाच्या अधीक्षकाला एक फोन, आहाराची नोंदवही एकदा पाहणे, एवढे पुरले असते. दोषाची शंकाच नव्हती : तुकाराम ओंबळे यांच्यासह कितीतरी पोलिसांचा जीव त्या रात्री गेला होता आणि पुरावा डोंगराएवढा होता. तरीही आधी अश्रू विकले गेले, मग बिर्याणी. ज्याचा गुन्हा उघड आहे त्याच्याबद्दल काहीही छापले तरी चालते, असे डेस्कला वाटते. चुका सर्वांत जास्त तिथेच होतात.

कारवाई सुरू असताना थेट प्रक्षेपण करता येते का?

वाहिन्यांना नाही. केबल टेलिव्हिजन नियमांत २०१५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार दहशतवादविरोधी कारवाई संपेपर्यंत फक्त नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहिती दाखवता येते. यूट्यूबवर लाइव्ह करणाऱ्यांनीही हेच पाळावे : पथक कोणत्या दिशेने गेले, हेलिकॉप्टर कुठे उतरले, जखमींना कोणत्या रस्त्याने आणताहेत, यातले काही नको. स्फोटाच्या बातमीत सुरुंग कशाचा, कसा पुरला, किती वजनाचा याचे वर्णनही नको. ‘भूसुरुंगाचा स्फोट’ पुरे.

आत्मसमर्पणाची बातमी कशी द्यावी?

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने साठएक साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. कालपर्यंतचा क्रूरकर्मा एका रात्रीत ‘मुख्य प्रवाहात’ आला. अशा दिवशी तीन गोष्टी तपासा : त्याच्यावरच्या गुन्ह्यांचे पुढे काय होणार, पुनर्वसनाची रक्कम कुणाला किती टप्प्यांत मिळणार, आणि त्याच्या कारवायांत मेलेल्या पोलिसांच्या आणि गावकऱ्यांच्या घरी कुणी विचारले का. खालच्या फळीतल्या माणसांचे सध्याचे गाव आणि घरचा पत्ता देऊ नका. समर्पितांना घरी गाठून मारल्याच्या घटना गडचिरोलीत घडल्या आहेत.

जुन्या बातम्या संकेतस्थळावर तशाच राहतात. त्यांचे काय करायचे?

गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने ७ मार्च २०१७ ला दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा आणि इतरांना माओवाद्यांशी संबंध असल्याच्या खटल्यात दोषी ठरवले. ५ मार्च २०२४ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्वांना निर्दोष सोडले. त्यातला एक आरोपी त्याआधीच कोठडीत मरण पावला होता. २०१७ चे मथळे शोधयंत्रात आजही जसेच्या तसे वर येतात. बातमी काढून टाकू नका, तो दस्तऐवज आहे. मथळ्याखाली तारखेसह एक ओळ टाका : पुढे काय निकाल लागला, कोणत्या न्यायालयाने दिला, आणि निकालाच्या बातमीचा दुवा. मृतांचा आकडा बदलला असेल, ओळख चुकली असेल, चौकशीचा अहवाल आला असेल, तरी हेच. मोठ्या घटनेची फाइल उघडतानाच तीन, सहा आणि बारा महिन्यांच्या तारखा डेस्कच्या कॅलेंडरवर टाका, आणि त्या तारखेला कोण फोन करणार त्याचे नाव शेजारी लिहा. नाव लिहिले नाही तर तो फोन कुणी करत नाही.